खांबांचे खड्डे, ट्रॅक्टरचे गिरमिट आणि जुना क्लच



सुगी आटोपली, रान मोकळं झालं की कुंपणाची आठवण होते. हरभऱ्यात रानडुकरं शिरलेली असतात, मोकाट जनावरांनी मक्याचा कोपरा लोळवलेला असतो. मग तार आणायची, खांब आणायचे, आणि खड्डे खणायचे. तार आणि खांब पैसे मोजले की दारात येतात. अडतं ते खड्ड्यांपाशी. पहारीने शे-सव्वाशे खड्डे खणायला माणूस मिळत नाही, आणि मिळाला तरी दिवस मोडतात.

म्हणून गावोगाव ट्रॅक्टरला जोडायचं गिरमिट आलं आहे. कोणी त्याला ऑगर म्हणतं, कोणी होल डिगर, तर कोणी नुसतं खड्ड्याचं मशीन. यंत्र उपयोगी आहे. पण आपल्याकडे ते पुष्कळदा पंचवीस-तीस वर्षं वापरलेल्या ट्रॅक्टरला जोडलं जातं, आणि जुन्या ट्रॅक्टरची एक खोड माहीत नसेल तर हेच यंत्र गिरमिट जमिनीत अडकवतं, गिअरबॉक्स फोडतं, प्रसंगी माणसाचा जीव घेतं. ती खोड कोणती आणि तिच्याशी कसं वागायचं, ते या पत्रकात सांगितलं आहे.

यंत्र कसं चालतं

सुतार लाकडात भोक पाडताना जे गिरमिट वापरतो, त्याचंच हे थोरलं भावंडं. मधे लोखंडी दांडा, त्याभोवती जिन्यासारखी गुंडाळलेली पाती, खाली दोन कापणारे दात आणि मधोमध टोक. ट्रॅक्टरच्या मागचा पीटीओ फिरतो. त्याची फेर एका क्रॉसच्या दांड्यातून गिअरबॉक्सकडे जाते. तिथे ती काटकोनात खाली वळते आणि वेग कमी होऊन जोर वाढतो. गिरमिट खाली-वर करण्याचं काम लिफ्ट करते.

एक गोष्ट इथेच लक्षात घ्या. ट्रॅक्टरची लिफ्ट गिरमिटाला वर उचलते, खाली दाबत नाही. गिरमिट खाली जातं ते आपल्या वजनाने आणि पात्याच्या आट्यांनी. कठीण जमिनीत ते नुसतंच फिरत राहिलं, की कोणीतरी म्हणतो, 'जरा वर उभा राहा रे, वजन पडेल.' हा सल्ला कधीही ऐकू नका. फिरत्या दांड्यावर, गिअरबॉक्सवर किंवा लिफ्टच्या हातांवर माणूस उभा करणं म्हणजे त्याला यंत्राच्या तोंडी देणं आहे.

फायदा नुसत्या वेळाचा नाही

वाफशाच्या जमिनीत २ फुटांचा खड्डा दोन-तीन मिनिटांत होतो, हे खरं. पण त्याहून मोठी बचत भरावात आहे. हिशेब करून पाहा.

एक एकराचा तुकडा चौकोनी धरला तर त्याची एक बाजू सुमारे २०९ फूट येते. चारही बाजू मिळून सुमारे ८३५ फूट. दर १० फुटांवर एक खांब धरला तर ८४ खांब लागतात.

पहार-फावड्याने खड्डा खणताना हात हलायला जागा लागते, म्हणून तो दीड फूट लांब, दीड फूट रुंद होतो. दोन फूट खोलीला साडेचार घनफूट माती निघते. ९ इंची गिरमिटाच्या तेवढ्याच खोल खड्ड्यातून एक घनफूटही माती निघत नाही. म्हणजे खांबाभोवती काँक्रीट किंवा मुरूम भरायचा तो पाचवा-सहावा हिस्साच लागतो. शिवाय बाजूची माती हललेली नसल्यामुळे खांब घट्ट बसतो. यंत्राचं भाडं जड वाटलं तर सिमेंट, वाळू आणि खडीत काय वाचतं तेही मांडून बघा.

कुंपणाच्या साध्या खांबांना ९ इंची गिरमिट पुरतं. दगडी खांब किंवा कोपऱ्याचे जाड खांब असतील तर १२ इंची घ्या. पस्तीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर एवढं काम आरामात करतो.

आधी आपला ट्रॅक्टर ओळखा

आता त्या खोडीकडे येऊ. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांना सिंगल क्लच असतो. क्लच दाबला की चाकांची गती थांबते, तसाच पीटीओही थांबतो. आणि ज्या ट्रॅक्टरात लिफ्टचा पंप याच वाटेने फिरतो, तिथे लिफ्टही मेली.

नांगरताना याचा त्रास जाणवत नाही. गिरमिटाला मात्र जाणवतो. समजा, गिरमिट भराभर जमिनीत घुसू लागलं. ड्रायव्हर घाबरून क्लच दाबतो. गिरमिट थांबतं, पण पाती मातीने गच्च भरलेली, आणि ते वर उचलायला लिफ्ट चालू नाही. आता क्लच सोडला तर लिफ्टला जीव येईल, पण गिरमिटही फिरायला लागेल आणि आणखी वीतभर खाली जाईल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत होते.

म्हणून गिरमिट जोडण्याआधी तीन परीक्षा घ्या. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. लिफ्टला नांगर किंवा दुसरं जड अवजार जोडा. पीटीओला काहीही जोडू नका आणि मागे कोणाला उभं करू नका.

पहिली परीक्षा: ज्या ट्रॅक्टरात पीटीओ घातल्यावरच लिफ्ट चालते, तिथे पीटीओ घाला. इंजिन मंद ठेवून अवजार वर उचला. ते अर्ध्यावर असताना क्लच पूर्ण दाबा. अवजार जागीच थांबलं तर पंप क्लचच्या ताब्यात आहे. ते वर जातच राहिलं तर पंप इंजिनवर थेट चालतो. मग आपली अर्धी काळजी मिटली.

दुसरी परीक्षा: पीटीओ चालू करून क्लच हळूहळू दाबा. दाबताना मधेच पाय एकदा जड लागला, तिथवर पीटीओ फिरत राहिला आणि त्यापुढे दाबल्यावर थांबला, तर डबल क्लच आहे. असं काही न होता तो एकदमच थांबला तर सिंगल. आणि पूर्ण दाबूनही पीटीओ रेंगाळत फिरत असेल, तर क्लच घासलेला किंवा बिघडलेला आहे. मिस्त्रीकडून तो बसवून घेतल्याशिवाय गिरमिट जोडू नका.

तिसरी परीक्षा: पीटीओचा दांडा काढून ठेवा आणि क्लच सोडलेला असताना लिफ्ट उचलते का बघा. काही फार जुन्या ट्रॅक्टरांत पीटीओ काढला की लिफ्टही चालत नाही. तुमचा तसा असेल तर ते आत्ताच माहीत झालेलं बरं.

परीक्षा झाल्यावर सिंगल क्लचवाल्याने एकच नियम पाठ करावा: एकदा क्लच दाबला की पीटीओचा दांडा काढल्याशिवाय किंवा इंजिन बंद केल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

जोडणी आणि तपासणी

१) क्रॉसच्या दांड्याच्या दोन नळ्या एकमेकींत सरकतात. लिफ्ट सर्वांत वर आणि सर्वांत खाली, अशा दोन्ही वेळा बघा. सर्वांत लांब होतानाही निदान ६ इंच नळी आत राहिली पाहिजे, आणि सर्वांत आखूड होताना नळ्या टोकाला टेकता कामा नयेत. टेकल्या तर पीटीओच्या बेअरिंगवर हातोडा बसल्यासारखा दणका बसतो.

२) दांड्यावरचं प्लास्टिकचं आवरण शाबूत हवं. दांडा फिरताना ते साखळीने जागीच थांबलेलं राहिलं पाहिजे. फुटलं असेल तर नवीन घाला. त्याला लागणारे पैसे हे यंत्रावरचे सर्वांत स्वस्त पैसे आहेत.

३) शिअर बोल्ट मुद्दाम मऊ लोखंडाचा केलेला असतो. दगड लागला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. तुटतो म्हणून कंटाळून तिथे कडक बोल्ट किंवा सळईचा तुकडा घालू नका. यंत्राच्या पुस्तकात दिलेल्या मापाचे चार-सहा बोल्ट खिशात ठेवा.

४) बोल्टचं टोक बाहेर लांब राहू देऊ नका. कपडा पहिल्यांदा अडकतो तो तिथेच.

५) गिअरबॉक्समध्ये तेलाची पातळी बघा. बहुतेक यंत्रांना ९० नंबरचं गिअर ऑइल चालतं. क्रॉसना रोज सकाळी ग्रीस द्या.

६) दात झिजले असतील तर बदला. बोथट दातांचं गिरमिट माती कापत नाही, घासत बसतं.

७) खोलीची खूण करायला गिरमिटावर रंगाचा पट्टा मारा. चिंधी किंवा सुतळी बांधू नका.

८) गिरमिट उचलल्यावर जुन्या हलक्या ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं. पुढे वजन लावा. शेतात ये-जा करताना पीटीओ बंद ठेवा, गिरमिटाचं टोक साखळीने बांधा आणि बांध ओलांडताना सावकाश चला.

जमीन कोणती आणि वेळ कोणती

पेरणीला वाफसा लागतो, तसाच गिरमिटालाही लागतो. काळ्या जमिनीत पावसाळ्यात गेलात तर चिकट माती पात्यांना लिंपून बसते आणि गिरमिट अडकतं. चैत्र-वैशाखात गेलात तर ढेकळं दगडासारखी आणि भेगा हातभर. पावसाळा सरल्यावर, मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि टाकली तर फुटतो, अशी ओल असताना काळ्या रानातले खड्डे घ्या.

मुरमाड जमिनीत वरचा थर कडक असतो. तिथे खुणेच्या जागी पहारीने वीतभर फोडून घ्या, त्यात घागरभर पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी गिरमिट लावा. कोकणातल्या जांभ्यात मऊ थर निघतो, पण मधेच अखंड दगड लागू शकतो. आणि काळा पाषाण लागला तर हट्ट धरू नका. मातीचं गिरमिट खडक कापायला केलेलं नाही. खांब फूट-दोन फूट सरकवा, नाहीतर तेवढा खड्डा छिन्नी-हातोड्याने किंवा ब्रेकरने घ्या.

आखणी

बांधावर कुंपण घ्यायचं तर हद्द आधी पक्की करा. शंका असेल तर भूमी अभिलेख खात्याची मोजणी करून घ्या आणि शेजाऱ्याला समोर बोलावून खुणा दाखवा. खांब उपटण्यापेक्षा आधी बोललेलं सोपं.

मग जमिनीखाली काय आहे ते आठवा. पाइपलाइन कुठून गेली, मोटारीची केबल कुठे पुरली, शेजाऱ्याची लाइन आपल्या बांधातून जाते का, ते विचारा आणि त्या जागी फक्की मारा. वरही बघा. विजेच्या तारांखाली लांब लोखंडी अँगल उभा करताना तो तारेला लागू शकतो. तिथे खांबाची जागा बदला.

कोपऱ्याचे खांब आधी ठरवा. कोपरा ते कोपरा दोरी ताणा, दर १० फुटांवर खुंटी ठोका. जिथे वळण आहे तिथे जाड खांब धरा.

प्रत्यक्ष खोदाई

माणसं दोनच: एक ट्रॅक्टरवर, एक खाली. पोरंटोरं आणि बघे दूर. खालच्या माणसाला कामाआधी इंजिन बंद करायची मूठ दाखवा. पुष्कळ जुने डिझेल ट्रॅक्टर किल्ली फिरवून बंद होत नाहीत, स्टॉपची मूठ ओढावी लागते. ती कुठे आहे हे दोघांनाही डोळे मिटून सांगता आलं पाहिजे.

१) पीटीओ बंद ठेवून ट्रॅक्टर मागे घ्या. गिरमिटाचं टोक खुणेवर येईल असं उभे करा. उतार असेल तर ट्रॅक्टरचं तोंड चढाकडे किंवा उताराकडे ठेवा, आडवा उभा करू नका.

२) गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढा. जुन्या ब्रेकवर विसंबू नका, मागच्या चाकांना दगड लावा.

३) खालचा माणूस टोक खुणेवर धरून टेकवून देतो. दोन बाजूंनी ओळंब्याने बघतो. मग तो मागे सरकतो, निदान २५ फूट. तो तिथे पोचून हात वर करीपर्यंत ड्रायव्हरने पीटीओला हात लावायचा नाही.

४) क्लच दाबा, पीटीओ घाला, क्लच हळू सोडा. इंजिनची रेस अर्ध्याच्या आत ठेवा. जास्त रेस दिल्याने खड्डा लवकर होत नाही, फक्त माती दूर उडते आणि दगड लागला तर दणका मोठा बसतो.

५) पोझिशन कंट्रोलच्या मुठीने गिरमिट वीतभर खाली सोडा. ड्राफ्टच्या मुठीने हे काम करू नका. वीतभर गेलं की फिरतंच वर घ्या, माती झडू द्या. पुन्हा वीतभर. एक वीत खाली, एकदा वर. दोन फूट खड्ड्याला तीन-चार वेळा खाली-वर होतं. एकदम दोन फूट घालण्याचा मोह आवरा. सिंगल क्लचचा सगळा धोका या एका सवयीने निम्म्याहून कमी होतो.

६) खाली जाताना गिरमिट ट्रॅक्टरच्या रेषेत थोडं पुढे-मागे सरकतं, कारण लिफ्टचे हात सरळ खाली येत नाहीत, झोपाळ्यासारखे येतात. पहिल्या खड्ड्यात हे बघून ठेवा आणि पुढच्या वेळी ट्रॅक्टर तेवढा आधी किंवा नंतर थांबवा.

७) शेवटी गिरमिट वर काढा, पीटीओ बंद करा, फिरणं पूर्ण थांबू द्या. मगच खालच्या माणसाने फावड्याने तोंडावरची माती ओढायची. फिरत असताना माती हाताने किंवा पायाने सारायची नाही.

८) खांब त्याच दिवशी लावायचा नसेल तर खड्ड्यावर फरशी किंवा जड दगड ठेवा. ९ इंचाच्या खड्ड्यात वासराचा पाय मोडतो, आणि रात्री पाणी द्यायला गेलेल्या माणसाचाही.

गिरमिट अडकलं तर

घाई करू नका. अडकलेलं गिरमिट कुठे पळून जात नाही.

पहिल्यांदा क्लच दाबा आणि दाबलेलाच ठेवा. पीटीओचा दांडा काढा. गिअर न्यूट्रल आहे का बघा. आता क्लच सोडा आणि लिफ्ट हळू उचलून बघा. पुष्कळदा एवढ्याने निघतं. जोर लागतोय असं दिसलं, ट्रॅक्टरचं तोंड उचलल्यासारखं झालं, तर तिथेच थांबा. लिफ्टच्या हिसक्याने खांबाचं गिरमिट निघत नाही, लिफ्टचे हात वाकतात.

मग इंजिन बंद करा आणि किल्ली काढून खिशात घाला. गिरमिट वरून बघता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने खाली गेलं आहे, ते उलट्या दिशेने बाहेर येतं. गिरमिटाच्या दांड्याला मोठा पाइप पाना लावा आणि उलट दिशेने पाच-सहा आटे फिरवा. माती सैल झाली की पाना काढा, नीट आठवून काढा. सर्व जण मागे सरका. इंजिन चालू करा आणि पीटीओ न घालता लिफ्टने उचला.

तिसऱ्या परीक्षेत पीटीओशिवाय लिफ्ट चालली नव्हती, अशांनी काय करायचं? इंजिन बंद असतानाच क्रॉसचा दांडा पीटीओपासून सोडवून बाजूला बांधा. मग इंजिन चालू करून पीटीओ घाला. मागचं टोक मोकळं फिरेल, गिरमिट स्थिर राहील आणि लिफ्ट काम करील. त्या मोकळ्या फिरत्या टोकावरचं लोखंडी आवरण जागेवर हवं आणि जवळ कोणीही नको.

फिरता दांडा आणि अंगावरचे कपडे

पीटीओची ठरलेली गती मिनिटाला ५४० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला ९. दांडा ३ इंच जाडीचा धरला तर एका सेकंदात त्याच्याभोवती सुमारे ७ फूट कापड गुंडाळलं जातं. नऊवारी लुगडं २७ फुटांचं असतं. ते पुरं गुंडाळायला चार सेकंद लागतात. अर्ध्या रेसला आठ. एवढ्यात ओरडायलाही सवड होत नाही, सोडवायला कुठून होणार?

म्हणून धोतराचा सोगा, उपरणं, मफलर, सैल बाह्या, लोंबता पदर, गळ्यातली ओढणी घेऊन या दांड्याजवळ जायचं नाही. केस बांधलेले हवेत. थंडीत कान बांधायचे तर टोपी घाला, मफलर नको. फिरता दांडा ओलांडून कधीही जाऊ नका. ट्रॅक्टरला वळसा घालून जायला दहा पावलंच लागतात.

मळणी यंत्रांत हात जाऊन अपंग होणाऱ्यांची संख्या वाढली, तेव्हा १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांचं नियमन करणारा कायदा केला. पण कायदा शेतात आपल्या बाजूला उभा राहत नाही. तिथे आवरण, अंतर आणि सवय हेच रक्षण करतात.

तरीही कोणाचा कपडा अडकलाच, तर हाताने ओढू नका. ओढणाराही त्यात जातो. ड्रायव्हरने क्लच दाबून इंजिन बंद करायचं. तो गडबडला तर खालच्या माणसाने पुढच्या बाजूने येऊन स्टॉपची मूठ ओढायची. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरा आणि १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

खांब रोवताना

सात फुटी खांब २ फूट जमिनीत हवा. कोपऱ्याचा आणि फाटकाचा खांब अडीच ते तीन फूट. कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी तिरपा टेकू द्या, कारण सगळ्या तारेची ओढ त्याच्यावर येते.

काळ्या जमिनीत निघालेली मातीच परत खड्ड्यात भरू नका. ती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि दोन वर्षांत खांब डुलायला लागतात. तळाशी दगड, मग मुरूम आणि बारीक खडी असा सहा-सहा इंचांचा थर द्या आणि प्रत्येक थर पहारीच्या बुंध्याने ठोका. खांबाभोवती जमिनीपेक्षा थोडा उंच भराव ठेवा, म्हणजे पाणी बाहेर वाहील. काँक्रीट भरलं असेल तर निदान सात दिवस पाणी मारा. तोपर्यंत तार ताणू नका.

आणि एक. त्या तारेत घरची वीज सोडण्याचा विचारही मनात आणू नका. तो गुन्हा आहे, आणि बहुधा पहिला बळी डुकराचा जात नाही, माणसाचा जातो.

श्रोत्यांच्या शंका

*प्रश्न: डाळिंब आणि आंब्याचे खड्डे गिरमिटाने घेतले तर चालतील का?*
उत्तर: चालतील, पण १८ किंवा २४ इंची गिरमिट लागेल, आणि तेवढं ओढायला जुना लहान ट्रॅक्टर भारी जमिनीत दमतो. ओलसर चिकणमातीत गिरमिट खड्ड्याच्या भिंती मडक्यासारख्या गुळगुळीत करतं. मुळं त्या फोडून बाहेर जात नाहीत, आतच गोल फिरतात, आणि पाणीही आत साचतं. म्हणून लावणीआधी पहारीने चारही बाजूंनी भिंती ओरबाडून घ्या.

*प्रश्न: द्राक्षाच्या मांडवाचे कडेचे अँगल तिरपे असतात. गिरमिट तिरपं लावू का?*
उत्तर: नको. तिरपं गिरमिट एका बाजूने चावतं, शिअर बोल्ट तोडतं आणि अडकतं. मधले उभे खड्डे यंत्राने घ्या, कडेचे तिरपे हाताने.

*प्रश्न: शिअर बोल्ट सारखा तुटतो. दोष कशात?*
उत्तर: रेस जास्त, दात बोथट किंवा जमिनीत दगड, या तिन्हींपैकी एकात. बोल्ट आपलं काम करतो आहे. कारण शोधा, बोल्ट कडक करू नका.

थोडक्यात

- जोडण्याआधी क्लच, पीटीओ आणि लिफ्ट यांच्या तीन परीक्षा घ्या.
- वाफशावर काम करा.
- अर्ध्याच्या आत रेस, एक वीत खाली, एकदा वर.
- क्लच दाबला की पीटीओ काढल्याशिवाय पाय उचलू नका.
- अडकलं तर इंजिन बंद, पाइप पाना, उलटे आटे.
- फिरत्या दांड्याजवळ सैल कपडा नको, माणूसही नको.
- उघडा खड्डा रात्रभर उघडा ठेवू नका.

हे पत्रक घडी करून ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवा. गिरमिट भाड्याने आणाल त्या दिवशी ड्रायव्हरला आणि मदतीच्या माणसाला बांधावर बसवून एकदा मोठ्याने वाचून दाखवा. त्याला पाव तास लागेल. कुंपण पंधरा-वीस वर्षं टिकायचं आहे. ते घालणारी माणसंही धडधाकट राहिली पाहिजेत.